मॅसॅच्युसेट्सचा ‘चमत्कार’ आणि गव्हर्नर डुकाकिस यांचा जमाखर्च

मायकल डुकाकिस १९८८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा मतदारांना सांगण्यासारखी त्यांच्याजवळ मुख्य गोष्ट एकच होती : मॅसॅच्युसेट्स राज्याचा कारभार. दहा संतुलित अंदाजपत्रके, बारा टक्क्यांच्या आसपास गेलेली बेरोजगारी तीन टक्क्यांपर्यंत उतरलेली, करबुडव्यांकडून वसूल केलेला पैसा आणि उद्योगांची भरभराट. या सगळ्याला वर्तमानपत्रांनी ‘मॅसॅच्युसेट्सचा चमत्कार’ असे नावही देऊन टाकले होते. नोव्हेंबरात जॉर्ज बुश यांनी डुकाकिस यांचा पराभव केला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत याच राज्याच्या रोख्यांचे पतमानांकन देशात तळाला गेले. गव्हर्नराचा जमाखर्च पाहून त्याच्या हाती देश द्यावा की नाही, हा प्रश्न अमेरिकी राजकारणात पुन्हा पुन्हा येतो. त्याचे उत्तर किती निसरडे असते, हे दाखवणारे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

अमेरिकेतील गव्हर्नर भारतातील राज्यपालासारखा नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, म्हणजे अधिकाराने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. अंदाजपत्रक तो मांडतो, विधिमंडळ ते बदलते व मंजूर करते आणि मंजूर झालेल्या अंदाजपत्रकातील एखादी रक्कम वगळण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार बहुतेक राज्यांत पुन्हा गव्हर्नराकडे असतो. व्हरमाँटचा अपवाद सोडला तर जवळजवळ प्रत्येक राज्याला कायद्याने किंवा राज्यघटनेने चालू खर्चाचे अंदाजपत्रक संतुलित ठेवावे लागते. रस्ते, पूल, तुरुंग, विद्यापीठाच्या इमारती यांच्यासाठी रोखे काढता येतात. नोकरांचे पगार उसन्या पैशावर भागवता येत नाहीत, निदान भागवू नयेत असा दंडक आहे. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारवर असे बंधन नाही. १९८८च्या आर्थिक वर्षात केंद्राची तूट सुमारे १५५ अब्ज डॉलर होती आणि त्यात बेकायदा काहीही नव्हते.

हा फरक लक्षात घेतला म्हणजे ‘मी अंदाजपत्रक संतुलित ठेवले’ या गव्हर्नरांच्या आवडत्या वाक्याचे वजन बरेच उतरते. कायद्याने जे करावेच लागते ते केले, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय कागदावरचा समतोल अनेक मार्गांनी साधता येतो. या वर्षीची बिले पुढच्या वर्षी चुकवायची, राखीव निधीतून रक्कम वळवायची, महसुलाचा अंदाज थोडा फुगवायचा, निवृत्तिवेतनाच्या निधीत घालायचा हप्ता लांबवायचा. या युक्त्या दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी वापरल्या आहेत. तरीही अध्यक्षपदाच्या उमेदवाराकडे पाहताना अमेरिकी मतदाराने राज्याच्या जमाखर्चाला नेहमीच महत्त्व दिले, कारण सिनेटर नुसते मत देतो आणि गव्हर्नराला निर्णय घ्यावा लागतो. वुड्रो विल्सन, कॅल्विन कूलिज, फ्रँकलिन रूझवेल्ट हे सगळे आधी गव्हर्नर होते. १९७६ आणि १९८०च्या निवडणुकाही माजी गव्हर्नरांनीच जिंकल्या. जिमी कार्टर यांनी जॉर्जियात वापरलेली शून्याधारित अंदाजपत्रकाची पद्धत वॉशिंग्टनला नेली. रॉनल्ड रेगन यांची कथा अधिक मजेदार. सरकारी उधळपट्टीवर टीका करत ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले आणि १९६७मध्ये, कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, सुमारे एक अब्ज डॉलरच्या करवाढीवर त्यांनी सही केली. त्या राज्याच्या इतिहासातील तोवरची ती सर्वांत मोठी करवाढ होती. पण १९८०मध्ये मतदारांनी त्यांना करकपात करणारा नेता म्हणूनच निवडले. म्हणजे नोंद काय होती यापेक्षा ती कशी सांगितली गेली, याला किंमत आली.

डुकाकिस यांचा जन्म १९३३ साली बोस्टनलगतच्या ब्रुकलाइन गावी झाला. आईवडील ग्रीक स्थलांतरित, वडील डॉक्टर. हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि मोटार विम्याच्या सुधारणेमुळे नावारूपाला आले. अपघातात दोष कोणाचा याचा वाद न घालता विमा कंपनीने आपल्याच ग्राहकाला भरपाई द्यायची, ही पद्धत मॅसॅच्युसेट्सने देशात सर्वांत आधी स्वीकारली, त्यामागे त्यांची चिकाटी होती. स्वभावाने काटेकोर, काटकसरी, थोडे उपदेशक. गव्हर्नर झाल्यावरही ते ट्रामने कचेरीत जात. बोस्टनच्या जुन्या राजकारणात ओळखीपाळखीने नोकऱ्या देण्याची रीत होती, तिच्याशी या माणसाचे कधीच जमले नाही. १९७४मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांच्याविरुद्ध उभे राहताना त्यांनी जाहीर शब्द दिला की नवे कर लावणार नाही. साधे आश्वासन नव्हते ते. अगदी शिशाच्या नळाइतकी पक्की हमी आहे, अशा थाटाचे ते बोलणे होते.

जानेवारी १९७५मध्ये कारभार हाती आला तेव्हा तूट पन्नास कोटी डॉलरच्याही वर असल्याचे उघड झाले. मंदीने कापड आणि चामड्याच्या जुन्या धंद्यांचे उरलेसुरले कंबरडे मोडले होते. त्या वर्षी राज्यातील बेरोजगारी ११ टक्क्यांच्या वर गेली, देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यातच न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर पोहोचले. ईशान्येकडील कोणत्याही सरकारी रोख्याकडे बँका संशयाने पाहू लागल्या. मॅसॅच्युसेट्सला पैसा मिळणे मुश्कील झाले आणि मिळाला तरी व्याज चढे.

पहिले काही महिने डुकाकिस यांनी हमी पाळण्याचा प्रयत्न केला. खर्च कापला, आणि तोही जिथे राजकीय प्रतिकार कमी तिथे. काम करू शकणाऱ्या हजारो गरिबांची साहाय्यवेतने बंद झाली. ज्या उदारमतवादी कार्यकर्त्यांनी त्यांना निवडून आणले होते तेच आता राज्यगृहाच्या दारात घोषणा देऊ लागले. कपातीने भागत नाही हे दिसल्यावर करवाढ आली : विक्रीकर ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, प्राप्तिकरावर साडेसात टक्के अधिभार आणि जोडीला जुनी तूट फेडण्यासाठी दीर्घ मुदतीचे रोखे. अशा रीतीने एकाच वर्षात डुकाकिस यांनी उजव्यांना करवाढीने आणि डाव्यांना कपातीने दुखावले.

हिशोब मात्र जुळला. पुढच्या तीन वर्षांत राज्याची पत सावरली, रोख्यांना गिऱ्हाईक मिळू लागले आणि बेरोजगारीही उतरणीला लागली. कारभार म्हणून ही त्यांची सर्वांत कसोटीची वर्षे. निर्णय कटू होते, उशिरा झाले, पण झाले. फेब्रुवारी १९७८च्या मोठ्या हिमवादळात स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर रोज बोलणारा गव्हर्नर लोकांना आवडलाही. तरी सप्टेंबरमधील पक्षांतर्गत निवडणुकीत एडवर्ड किंग या पुराणमतवादी डेमोक्रॅटने त्यांना हरवले. किंग यांच्या प्रचारातील प्रमुख मुद्दा मालमत्ता कर कमी करण्याचा होता. कर न लावण्याची हमी देऊन कर लावणारा माणूस, ही प्रतिमा डुकाकिस यांना पुसता आली नाही. ‘टॅक्सॅच्युसेट्स’ हे राज्याचे टोपणनाव त्याच काळात रुळले.

किंग यांच्या चार वर्षांतच पुढच्या कथेचा पाया घातला गेला, ही गोष्ट १९८८च्या प्रचारात फारशी पुढे आली नाही. दोन्ही बाजूंना ती गैरसोयीची होती. १९७०च्या दशकाच्या शेवटी मिनीसंगणकाचा धंदा जोरात वाढू लागला. बोस्टनला वळसा घालणाऱ्या १२८ क्रमांकाच्या महामार्गाभोवती डिजिटल इक्विपमेंट, वँग लॅबोरेटरीज, डेटा जनरल, प्राइम अशा कंपन्यांचा पसारा उभा राहिला. हार्वर्ड आणि एमआयटीमुळे कुशल माणसांची वाण नव्हती. त्यापाठोपाठ रेगन प्रशासनाने संरक्षणखर्च प्रचंड वाढवला, आणि रेथिऑनसारख्या कंपन्यांमुळे त्याचा मोठा वाटा मॅसॅच्युसेट्सकडे आला. पुढे डुकाकिस सत्तेवर परतले तेव्हा रेगन यांच्या धोरणांवर कडाडून टीका करणाऱ्या या गव्हर्नराच्या तिजोरीत रेगन यांच्याच शस्त्रास्त्र कार्यक्रमाचा पैसा करांच्या रूपाने पडत होता. किंग गव्हर्नर असतानाच राज्याची बेरोजगारी देशाच्या सरासरीखाली गेली.

दुसरी घटना नोव्हेंबर १९८०ची. ‘प्रॉपोझिशन अडीच’ नावाचा प्रस्ताव जनमताने मंजूर झाला. गावांना आणि शहरांना मालमत्ता कराची एकूण वसुली मालमत्तेच्या किमतीच्या अडीच टक्क्यांवर नेता येणार नाही आणि वर्षाला त्यात अडीच टक्क्यांहून अधिक वाढही करता येणार नाही, असे बंधन त्याने घातले. शाळा, पोलीस आणि अग्निशमन दल यांचा खर्च गावे मालमत्ता करातून भागवीत. तो झरा आटल्यावर ती राज्याकडे वळली. राज्याने गावांना द्यायचे अनुदान पुढे दरवर्षी फुगत गेले. मतदारांनी एका खिशातील कर कमी केला आणि त्याचा भार राज्याच्या प्राप्तिकर व विक्रीकरावर पडला. हे कर उद्योगांच्या तेजीमंदीबरोबर वरखाली होतात. मालमत्ता कर त्या मानाने स्थिर असतो. राज्याच्या तिजोरीची प्रकृती या एका निर्णयाने नाजूक झाली, पण तेजीत ते कोणाला जाणवणार?

पराभवानंतर डुकाकिस हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये शिकवत होते. १९८२मध्ये त्यांनी किंग यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून सत्ता परत मिळवली. या खेपेला त्यांचा स्वभाव थोडा मवाळ झाला होता. विधिमंडळाच्या नेत्यांशी आधी बोलायचे, उद्योगपतींना बरोबर घ्यायचे, आणि कर न लावण्याची हमी कोणालाही द्यायची नाही. नवे कर लावण्याऐवजी जुने कर नीट वसूल करण्यावर त्यांनी भर दिला. महसूल आयुक्त आयरा जॅक्सन यांनी १९८३च्या ऑक्टोबरपासून तीन महिन्यांची अभय योजना चालवली : थकलेला कर व्याजासह भरा, दंड आणि खटला माफ. त्यानंतर मात्र गय नाही. हॉटेले आणि नौका जप्त होताना दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या आणि भित्र्या करबुडव्यांची रीघ लागली. योजनेतून सुमारे साडेआठ कोटी डॉलर जमा झाले. रक्कम राज्याच्या आकाराने फार मोठी नव्हती. पण कर चुकवणे हा गुन्हा आहे ही समज पसरली आणि ऐच्छिक भरणा वाढला, हे तिचे खरे यश. इतर अनेक राज्यांनी पुढे ही कल्पना उचलली.

साहाय्यवेतनावर जगणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण, पाळणाघर आणि नोकरी मिळवून देणारा ‘ईटी चॉइसेस’ हा कार्यक्रमही याच काळातला. निवृत्तिवेतनाची वर्षानुवर्षे थकवलेली देणी भागवण्यासाठी निधी साठवायला सुरुवात झाली. त्या राज्यात ही मोठीच गोष्ट. १९७५चा प्राप्तिकरावरील अधिभार रद्द झाला. १९८६मध्ये अडीअडचणीसाठी राखीव निधीही कायद्याने स्थापन झाला. त्याच वर्षी देशभरातील गव्हर्नरांनी ‘न्यूजवीक’च्या पाहणीत डुकाकिस यांना सर्वांत कार्यक्षम गव्हर्नर ठरवले आणि मतदारांनी जवळजवळ ६९ टक्के मते देऊन त्यांना तिसऱ्यांदा निवडले. मार्च १९८७मध्ये त्यांनी अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली.

याच शिखरावर थांबून वह्या तपासल्या असत्या तर दोन गोष्टी दिसल्या असत्या. पहिली, राज्याचा खर्च महागाईच्या कितीतरी पुढे धावत होता. गावांचे अनुदान, गरिबांच्या वैद्यकीय साहाय्याचा मेडिकेड कार्यक्रम, नव्या सेवा या सगळ्यांना कायमचा पैसा लागणार होता आणि तो तेजीतील महसुलावर बांधला गेला. दुसरी, राखीव निधी नावाला होता; इतक्या वर्षांच्या भरभराटीत त्यात पडलेली रक्कम पुढच्या तुटीपुढे किरकोळ ठरली. पैसा आला तसा वाटला गेला. डुकाकिस एकटे यात दोषी नव्हते. विधिमंडळाची भूक त्यांच्याहून मोठी होती आणि कर कमी करण्याचा दबावही होताच. तरी रकमा वगळण्याचा अधिकार ज्याच्या हातात, जबाबदारीही शेवटी त्याचीच.

खड्डा पहिल्यांदा दिसला तो १९८८च्या वसंतात, पक्षांतर्गत निवडणुका चालू असताना. त्याचे एक कारण वॉशिंग्टनमधून आले होते. १९८६च्या केंद्रीय करसुधारणा कायद्याने भांडवली नफ्यावरील कर १९८७पासून वाढवला. तो टाळण्यासाठी लोकांनी १९८६च्या अखेरीस घाईने शेअर आणि मालमत्ता विकून टाकली. त्या नफ्यावरचा कर राज्यांना एकदम मिळाला आणि अनेक राज्यांनी तो कायमचा समजून पुढचे अंदाज बांधले. एप्रिल १९८८मध्ये विवरणपत्रे आली तेव्हा महसूल अंदाजाच्या बराच खाली होता. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांनाही हाच फटका बसला. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉर्ज डुकमेजियन यांनी करवाढ सुचवली आणि गदारोळ होताच मागे घेतली. बुश यांचे उपाध्यक्षपदाचे संभाव्य जोडीदार म्हणून त्यांचे नाव तेव्हा घेतले जात होते, त्यामुळे रिपब्लिकन पक्षाने कॅलिफोर्नियाच्या तुटीचा फार गाजावाजा केला नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये दुखणे अधिक खोल होते. मिनीसंगणकांना स्वस्त वैयक्तिक संगणक मागे टाकत होते, संरक्षणखर्चाची वाढ थांबली होती, आणि घरांच्या किमती कोसळण्याच्या बेताला आल्या होत्या. राज्यातील कारखानदारी रोजगार तर १९८४नंतर घटतच होता. बांधकाम आणि सेवाक्षेत्राने ते झाकले होते. ३० जून १९८८ला संपलेल्या वर्षात खर्च जमेच्या पुढे गेला, आणि राखीव रकमा व अल्पमुदतीची उसनवार यांनी ती तूट भरली गेली. याच एप्रिलमध्ये डुकाकिस यांनी सर्व नागरिकांना आरोग्यविमा देण्याच्या कायद्यावर सही केली. विमा न देणाऱ्या मालकाने १९९२पासून प्रत्येक कामगारामागे १६८० डॉलरपर्यंत रक्कम भरावी, अशी त्यात तरतूद होती. हेतू स्तुत्य. पण महसूल आटत असताना घेतलेली ही जबाबदारी प्रत्यक्षात कधीच अमलात आली नाही आणि पुढे तो भाग रद्द झाला.

जुलैत अटलांटा येथील अधिवेशनात उमेदवारी स्वीकारताना डुकाकिस यांनी निवडणुकीची चौकट आखून दिली : हा सामना विचारसरणीचा नाही, कार्यक्षमतेचा आहे. अधिवेशनानंतर गॅलपच्या पाहणीत ते १७ टक्क्यांनी पुढे होते. स्वतःची कसोटी स्वतःच ठरवण्याचा हा डाव होता आणि तोच अंगाशी आला. कार्यक्षमतेवर उभा राहिलेला माणूस एखाद्या आकड्यात चुकला की त्याचा सगळाच दावा लंगडा होतो. तत्त्वावर उभा असलेला उमेदवार आकडे चुकूनही तरतो. रेगन तसे तरले होते. बुश यांच्या बाजूने ‘मॅसॅच्युसेट्सचा चमत्कार’ म्हणजे मृगजळ आहे, असा प्रचार सुरू झाला. ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात बुश यांनी, माझ्या ओठांकडे पाहा, नवे कर नाहीत, अशा अर्थाचे ते गाजलेले वचन दिले. १ सप्टेंबरला ते स्वतः बोटीतून बोस्टनच्या बंदरात फिरले आणि तेथील सांडपाण्याने घाण झालेले पाणी हीच तुमच्या कार्यक्षम गव्हर्नराची पावती, असे त्यांनी दाखवले.

तरीही १९८८ची निवडणूक अंदाजपत्रकावर लढली गेली असे म्हणणे धाडसाचे होईल. कैद्यांना सुट्टीवर सोडण्याची राज्यातील योजना, त्या सुट्टीत एका खुन्याने केलेले नवे गुन्हे, शाळेतील राष्ट्रध्वजवंदनाच्या कायद्यावर त्यांनी वापरलेला नकाराधिकार, मिशिगनमध्ये रणगाड्यात बसून काढून घेतलेले छायाचित्र यांनी प्रचाराचा बहुतेक काळ व्यापला. डुकाकिस यांनी उत्तरे द्यायला फार उशीर केला. शिवाय देशभर तेजी होती आणि सत्ताधारी पक्षाला तिचा फायदा मिळाला. ८ नोव्हेंबर रोजी बुश यांना ५३.४ टक्के मते आणि ४० राज्ये मिळाली. डुकाकिस यांच्या वाट्याला १० राज्ये आणि राजधानीचा जिल्हा आला. त्यांचे मॅसॅच्युसेट्स त्या दहांत होते.

घरी परतल्यावर पुढची दोन वर्षे फार कठीण गेली. जानेवारी १९८९मध्ये त्यांनी गव्हर्नरपदाच्या चौथ्या मुदतीसाठी उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. हा निर्णय प्रामाणिक असला तरी त्याने त्यांचा विधिमंडळावरील धाक संपला. उद्या नसणाऱ्या गव्हर्नराचे कोण ऐकणार? महसूल दर तिमाहीला नवा तळ गाठत होता. १९८९मध्ये प्राप्तिकर ५ टक्क्यांवरून ५.७५ टक्क्यांवर नेला गेला, तात्पुरता म्हणून. तो पुरला नाही. जुलै १९९०मध्ये सुमारे १.२ अब्ज डॉलरच्या करवाढीवर सही झाली : प्राप्तिकर पुन्हा वाढला, आणि विक्रीकर काही सेवांनाही लागू झाला. चालू तूट बुजवण्यासाठी सुमारे १.४ अब्ज डॉलरचे रोखे काढावे लागले. पगार उसन्या पैशावर भागवू नयेत हा दंडक ज्याने दहा वेळा पाळल्याचे सांगितले, त्याच्याच कारकिर्दीत तो उघडपणे मोडला. राज्याचे पतमानांकन गुंतवणुकीच्या योग्य मानल्या जाणाऱ्या सर्वांत खालच्या पायऱ्यांवर उतरले. मालमत्तेचा फुगा फुटून जानेवारी १९९१मध्ये बँक ऑफ न्यू इंग्लंड बुडाली. त्या वर्षी बेरोजगारी ९ टक्क्यांच्या आसपास होती. वँगने १९९२मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

मग या गव्हर्नराच्या नोंदीचे मोल काय करायचे? चमत्कार त्यांचा नव्हता आणि कोसळणेही सर्वस्वी त्यांचे नव्हते. दोन्ही मोठ्या प्रमाणात महामार्गाभोवतीच्या कंपन्यांचे, पेंटॅगॉनच्या कंत्राटांचे आणि घरांच्या किमतींचे होते. तेजीची पाच वर्षे ही कोणत्याही गव्हर्नराच्या परीक्षेसाठी सर्वांत निकामी पुरावा असतात, कारण त्या काळात तोट्यात जायला विशेष कर्तृत्व लागते. १९८८च्या मतदारापुढे हाच निकामी पुरावा ठेवला गेला, समर्थकांकडून आणि विरोधकांकडूनही. तपासायला हवे होते ते १९७५. त्या वर्षात पुढच्या अध्यक्षाविषयी सांगणारे सारे काही होते : अशक्य वचन देण्याची घाई, संकट मान्य करायला लावलेला वेळ, कपातीचा पहिला घाव दुबळ्यांवर घालण्याची चूक, आणि शेवटी लोकप्रियता गमावून हिशोब जुळवण्याचा निग्रह. १९८९-९०मध्ये यांतील बहुतेक गुणदोष पुन्हा तसेच दिसले. पुन्हा निवडून येण्याची आशा नसताना करवाढ अंगावर घेणे हे धैर्याचेच काम. मात्र तेजीत हात राखून खर्च करण्याचे जे शिक्षण १९७५ने द्यायला हवे होते, ते त्यांनी घेतले नाही, आणि नोंदीतील हा दोष सर्वांत जड आहे. तरीही हिशोब लपवण्यापेक्षा कर लावणे त्यांनी दोन्ही वेळा पसंत केले, आणि अब्जावधी डॉलरच्या तुटीत रुतलेल्या वॉशिंग्टनला तेव्हा तेवढ्याच गोष्टीची गरज होती. पदासाठी ते अपात्र होते, असा निष्कर्ष या जमाखर्चातून निघत नाही.

विजेत्यालाही हीच परीक्षा द्यावी लागली. बुश यांनी १९८८मध्ये दिलेले वचन आणि डुकाकिस यांनी १९७४मध्ये दिलेली हमी यांत फारसा फरक नव्हता. १९९०मध्ये तूट आवरण्यासाठी बुश यांनी काँग्रेसशी तडजोड करून कर वाढवले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो निर्णय बहुतेकांना योग्य वाटतो. १९९०च्या दशकात केंद्राची तूट भरून निघण्याची सुरुवात तेथून झाली. पण १९९२मध्ये त्यांना अवघी ३७ टक्के मते मिळाली. त्यांना हरवणारे बिल क्लिंटन हेही गव्हर्नरच होते, आर्कान्सासचे. १९७८मध्ये डुकाकिस यांना भोवले तेच बुश यांना चौदा वर्षांनी भोवले.

मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर १९९०मध्ये रिपब्लिकन विल्यम वेल्ड निवडून आले. सेवांवरील विक्रीकर त्यांनी अमलात येताच रद्द करवून घेतला आणि खर्चात मोठी कपात केली. मात्र ज्या दिवशी वेल्ड निवडून आले त्याच दिवशी डुकाकिस यांच्या करवाढी मागे घेण्याचा प्रस्ताव जनमतासाठी होता आणि तो मतदारांनी फेटाळला. पुढे २००३ ते २००७ या काळात मिट रॉम्नी त्या राज्याचे गव्हर्नर होते. त्यांनीही मोठी तूट शुल्के वाढवून, कंपन्यांच्या करांतील पळवाटा बुजवून आणि कपात करून मिटवली, आणि २०१२च्या अध्यक्षीय प्रचारात तो आपला कारभार म्हणून पुढे मांडला. महसूल अपेक्षेहून लवकर सावरला हे श्रेय किती त्यांचे, यावर तसाच वाद झाला. प्राप्तिकर ५ टक्क्यांवर परत आणण्याचा निर्णय मतदारांनी २००० साली जनमताने घेतला, परंतु पुढच्याच मंदीत विधिमंडळाने तो अर्ध्यावर थांबवला. १९८९मध्ये तात्पुरती म्हणून केलेली ती वाढ पूर्णपणे मागे जाऊन दर पुन्हा ५ टक्क्यांवर आला, तो १ जानेवारी २०२० रोजी.